सगळं छान चाललंय, मग ही धास्ती कसली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई ४४ वर्षांच्या, पुलांचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअर आहेत. काम आवडीचं, पतीशी पटतं, नऊ वर्षांची मुलगी आहे. गेले काही महिने देशाच्या सीमेवर फौजा गोळा होत आहेत. युद्ध सुरू झालेलं नाही. होईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. दिवसभर त्या नेहमीसारख्याच असतात, हसतात, मीटिंगा घेतात. रात्री तीनला जाग येते आणि मग फोनवर त्या बोस्नियातल्या मोस्तार शहरातला जुना पूल युद्धात कोसळतानाचं चित्रण पुन्हापुन्हा बघत राहतात. एका नव्या पुलाची देखभाल-पुस्तिका त्यांनी लिहायला घेतली होती. "पंचवीस वर्षांनी बेअरिंग तपासून गरजेप्रमाणे बदलावेत" हे वाक्य लिहिताना हात थांबला, तो तीन आठवडे झाले तरी पुढे गेलेला नाही. (बेअरिंग म्हणजे पुलाचा भार खांबांवर टेकवणारे आधार.) पुढचं मोठं काम सरळ नाकारावं असं वाटू लागलंय. नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नाही, कारण तो म्हणतो, बातम्या बघू नकोस म्हणजे झालं. शेवटी त्या लिहितात, "माझ्यावर अजून काहीही ओढवलेलं नाही. ज्यांच्यावर ओढवलंय त्यांच्यापुढे माझं हे रडगाणं लाजिरवाणं वाटतं. हा आजार आहे का? मैत्रीण तिच्याकडच्या झोपेच्या गोळ्या देते म्हणाली, घेऊ का? आणि मुलीने विचारलं तर काय सांगू?"

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर बाकीचं तुम्ही शांतपणे वाचणार नाही. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून हा आजार वाटत नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणून गेली सव्वीस वर्षं मी चिंताविकाराचे खूप पेशंट पाहते आहे. त्या आजारात काळजीला एक विषय पुरत नाही. आज मुलीचा खोकला, उद्या साहेबांचा बदललेला सूर, परवा दाराचं कुलूप. असं महिनोन्‌महिने चालतं आणि माणूस कामातून, जेवणातून, माणसांतून हळूहळू उठत जातो. तुमच्या काळजीचा विषय एकच आहे आणि तो खरा आहे. सीमेवर फौजा आहेत. त्याची भीती वाटणाऱ्या मनात बिघाड शोधायला मी जाणार नाही.

पण आजार नाही म्हणजे काहीच नाही, असंही मी म्हणत नाही. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ रात्री तीनच्या जागेची नव्हती. "नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नाही" ही होती. तिच्याकडे मी परत येणारच आहे.

तुम्ही या सगळ्याला मिळून 'अस्वस्थता' म्हटलंय. पेशंट माझ्याकडे बहुतेक वेळा 'अँग्झायटी' हा शब्द घेऊन येतात, आणि मी त्यांना विचारते की नेमकं काय वाटतंय: धास्ती, हुरहूर, की रुखरुख? मराठी माणसाला हे तीन शब्द वेगळे करून सांगावे लागत नाहीत. विचारलं की तो क्षणभर थांबतो आणि बरोबर उत्तर देतो. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मला त्यात तिन्ही दिसल्या, आणि तिघींवरचा उपाय वेगळा आहे.

धास्ती शरीराची असते. पोटात गोळा येणं, छातीत धडधड, पहाटेच्या आधी खाडकन उघडणारे डोळे. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये दाखवून दिलं होतं की धोका दिसला की अ‍ॅड्रिनॅलिन स्रवतं आणि शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. समोर लढायला कुणी नसेल आणि पळायला जागाही नसेल, तर ती सज्जता अंगातच फिरत राहते. त्यात 'होईल की नाही' ही अवस्था सर्वांत वाईट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर दगड दाखवून खाली साप असेल की नाही हे ओळखायला सांगितलं. साप निघाला की हाताला विजेचा दुखणारा झटका. घाम आणि बाहुल्यांचा आकार मोजल्यावर असं दिसलं की झटका नक्की बसणार हे माहीत असताना जेवढा ताण येतो, त्याहून जास्त ताण पन्नास टक्के शक्यता असताना येतो. तुम्ही काही महिने त्या पन्नास टक्क्यांच्या आसपास राहताय. तुमचं शरीर थकलंय यात नवल नाही.

म्हणूनच तीन वाजताचं ते चित्रण थांबवा. बंद करा म्हणजे बंदच. कमी करणं इथे चालत नाही. २०१३ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर अमेरिकेतल्या ४,६७५ प्रौढांची पाहणी झाली. पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त वेळ स्फोटाच्या बातम्या आणि दृश्यं बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. डोळ्यांना दिसणारी गोष्ट दुसऱ्या शहरातली आहे की तीस वर्षांपूर्वीची, हा हिशेब शरीर ठेवत नाही. मोस्तारचा पूल १५६६ मध्ये बांधून झाला, ४२७ वर्षं उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफगोळ्यांनी पडला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुमच्या फोनवर मात्र तो रोज रात्री नव्याने पडतोय. तो पुन्हा बांधला गेला आणि २००४ च्या जुलैमध्ये खुला झाला, हे मी तुम्हाला दिलासा म्हणून सांगत नाही. मधल्या काळात तिथे जी माणसं गेली, ती नव्या पुलाने परत आली नाहीत. मी एवढंच म्हणते की चित्रण बघून तुम्हाला नवीन काही कळत नाहीये. बातम्या दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, शक्यतो वाचून घ्या, बघून नको. संध्याकाळनंतर नको. फोन झोपायच्या खोलीच्या बाहेर ठेवा आणि साधं गजराचं घड्याळ आणा.

धास्तीला दिवसा एक वेळ नेमून द्यायचा उपायही करून बघा. थॉमस बोर्कोव्हेक हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तो मांडला, आणि मी तो अनेक वर्षं वापरते आहे. रोज एकाच जागी, एकाच वेळी अर्धा तास काळजी करायची, इतर वेळी मनात आली की तिला तिची वेळ सांगायची. पहिला आठवडा हे खोटं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांना फरक जाणवतो. तुम्ही इंजिनिअर आहात, म्हणून एक जोड देते: त्या अर्ध्या तासात कागदावर लिहा, आणि अस्पष्ट काही लिहू नका. 'सगळं संपेल' हे वाक्य चालणार नाही. काय, कुठे, कोणत्या क्रमाने, आणि त्या वेळी मी काय करीन, असं लिहा. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतोच. कागदावर उतरलं की त्या चिंतलेल्या गोष्टींना निदान कडा येतात.

हुरहूर निराळी. तुम्ही विचारताय की काही कमी नसताना हे का होतंय. कमी नाही म्हणूनच होतंय. आयुष्य आधीच विस्कटलेले काही पेशंट मोठ्या संकटाच्या बातम्यांनी चक्क शांत झालेले मी पाहिलेत. बाहेरचं जग एकदाचं त्यांच्या आतल्यासारखं झालं, म्हणून त्यांना बरं वाटलं. तुमचं उलट आहे. सकाळी मुलगी बूट शोधत घरभर फिरते, आणि हे किती छान आहे असं वाटतं न वाटतं तोच पुढचा विचार येतो. जे अजून तुमच्याजवळ आहे, त्याचा निरोप तुम्ही आधीच घ्यायला लागलात. ज्यांच्या घरातलं माणूस असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेलं असतं, त्यांच्यात मी हे नेहमी बघते. माणूस जिवंत असतो आणि घरचे त्याच्याकडे फोटोकडे बघावं तसं बघू लागतात. जवळ असूनही ते दूर होतात, आणि त्या दूर होण्याचं दुःख नंतर फार पुरतं.

तुमच्या कामामुळे ही हुरहूर आणखी धारदार झाली आहे असं मला वाटतं. शिक्षक, झाडं लावणारे, इमारती बांधणारे, म्हणजे ज्यांचं काम पुढच्या काळावर उभं असतं, त्यांना अशा दिवसांत इतरांपेक्षा जास्त टोचतं. व्यापाऱ्याला पुढच्या तिमाहीची काळजी असते. तुम्हाला पंचवीस वर्षांनंतरच्या बेअरिंगचं वाक्य लिहायचं होतं, आणि ते लिहिताना आपण खोटं बोलतोय असं वाटलं. बरोबर ना? म्हणून हात थांबला. तुमच्या प्रामाणिकपणाने तो थांबवला, आणि यात मला कमकुवतपणा कुठेच दिसत नाही.

हुरहुरीवर औषध नाही, आणि असतं तरी मी दिलं नसतं. जे सोडून द्यायची ती घाई करते, तेच दोन्ही हातांनी धरायचं, एवढं करता येतं. बूट शोधणाऱ्या मुलीबरोबर तुम्हीही बूट शोधा. हे मी गोड बोलायचं म्हणून लिहीत नाही. निरोपाच्या नजरेने बघणारी माणसं मुलांच्या लक्षात येतात, आणि मुलं घाबरतात.

आता रुखरुख. "ज्यांच्यावर ओढवलंय त्यांच्यापुढे लाजिरवाणं वाटतं." ही लाज फार चांगल्या माणसांना वाटते, आणि तरीही मी तिच्या विरोधात आहे. ज्यांच्यावर ओढवलंय त्यांच्यापर्यंत तुमच्या लाजेतलं काहीही पोचत नाही. तुम्ही कमी झोपल्याने तिकडे कुणी जास्त झोपत नाही. उलट ही लाजच तुमचं तोंड बंद ठेवते आहे. तुम्हाला खरंच काही द्यायचं असेल तर पोचेल असं काही द्या: रक्त, पैसे, विस्थापितांसाठी आठवड्याचे दोन तास, नाहीतर तुमची विद्या. पूल आणि आसऱ्याच्या इमारती तपासू शकणारी माणसं अशा वेळी कुठल्याही समाजाला कमीच पडतात. एक गोष्ट निवडा आणि नियमाने करा. रुखरुख पूर्ण जाणार नाही, पण तिला बोलायला थोडं कमी उरेल.

आणि आता नवऱ्याचा विषय. काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. आले होते मुलाच्या झोपेसाठी. मुलगा रात्री उठून आईवडिलांच्या खोलीच्या दाराशी उभा राहायचा. त्या वेळीही बातम्या अशाच होत्या. मी दोघांना वेगवेगळं भेटले. नवऱ्याने सांगितलं की त्याने महत्त्वाचे कागद, रोकड आणि औषधं एका पिशवीत भरून माळ्यावर ठेवलीत. बायकोला सांगितलं नाही, ती घाबरेल. बायकोने सांगितलं की तिने एक पिशवी भरून कपाटाच्या तळाशी ठेवलीय. नवऱ्याला सांगितलं नाही, तो हसेल. दोघंही घरात एकमेकांसमोर अगदी निर्धास्त वावरत होते. घरात काहीतरी लपवलं जातंय हे फक्त मुलाला कळत होतं, आणि म्हणून तो दाराशी पहारा देत होता. मी दोघांना एका खोलीत बसवलं आणि पिशव्यांबद्दल एकमेकांना सांगायला सांगितलं. बाई आधी रडल्या, मग दोघं बराच वेळ नुसते बसून राहिले. मुलगा पुढच्या पंधरवड्यात झोपायला लागला.

"बातम्या बघू नकोस म्हणजे झालं" हे तुमच्या पतीचं वाक्य मला निर्धास्त माणसाचं वाटत नाही. मी चुकत असेन. मी त्यांना भेटलेले नाही. पण हे वाक्य मी इतक्या घाबरलेल्या नवऱ्यांच्या, बायकांच्या आणि आईवडिलांच्या तोंडून ऐकलंय की त्यावर भरवसा ठेवून तुम्ही गप्प राहावं असं मला वाटत नाही. त्यांना सांगा. रात्री तीनला नको. दिवसा, चालताना सांगा, म्हणजे सतत डोळ्यांत बघावं लागत नाही. मोठं भाषण नको. "मला रोज रात्री तीनला जाग येते आणि मला युद्धाची भीती वाटते. मला उत्तर नकोय, तुलाही काही होतंय का ते सांग." एवढं पुरे. ते पुन्हा "बघू नकोस" म्हणाले, तर एकदाच म्हणा, "हे मला करून बघितलं तरी जमलं नाही." आणि थांबा. तिथे जी शांतता पडेल, ती भरायची घाई करू नका.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, याला माझ्या व्यवसायाच्या इतिहासातलंही एक कारण आहे. १९३८ मध्ये लंडनच्या नामवंत मनोविकारतज्ज्ञांच्या एका गटाने सरकारला इशारा दिला होता की शहरांवर बॉम्ब पडू लागले तर शरीराने जखमी होणाऱ्यांपेक्षा मनाने कोसळणाऱ्यांची संख्या तिप्पट असू शकेल. त्यांच्यासाठी खास सोय करून ठेवली गेली. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर महिनोन्‌महिने बॉम्बवर्षाव झाला, देशभरात चाळीस हजारांहून अधिक नागरिक मेले, आणि तरी तो लोंढा आला नाही. लोकांना दुःख झालं नाही असं नाही; ज्यांची घरं आणि माणसं गेली, त्यांच्या जखमा पुढे अनेक वर्षं राहिल्या. पण माझ्या व्यवसायातल्या या थोर लोकांनी हिशेब करताना माणूस एकटा धरला होता. प्रत्यक्षात लोकांना हाताला काम होतं आणि शेजारी कुणीतरी होतं. तुमच्याकडे आज काम आहे, शेजारी माणूसही आहे, फक्त बोलणं नाही.

त्याच काळातली दुसरी गोष्ट तुमच्या नव्या कामाबद्दल आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाल्यावर पहिल्या आठवड्याभरात लंडनमधल्या लोकांनी आपली अंदाजे चार लाख पाळीव कुत्री-मांजरं मारून टाकून घेतली. सरकारचा तसा हुकूम नव्हता. शहरावर पहिला बॉम्ब पडायला अजून जवळजवळ वर्ष होतं. त्या माणसांचं आपल्या प्राण्यांवर प्रेम नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना टांगलेपण सहन झालं नाही, म्हणून जे करता येण्याजोगं होतं ते करून मोकळे झाले. परत घेता येणार नाही असा निर्णय धास्तीत घेऊ नका. काम नाकारायचंच असेल तर युद्ध सोडून दुसरं एक कारण कागदावर लिहून बघा. दुसरं कारण सापडलं नाही, तर काम घ्या.

गोळ्यांबद्दल: नको. मैत्रिणीच्या गोळ्या बहुधा बेन्झोडायझेपीन या शामक औषधांच्या गटातल्या असतील. त्या काही आठवड्यांतच सवय लावतात, आणि सवय लागल्यावर एकदम सोडल्या तर जिवावरही बेतू शकतं. तुमचा त्रास किती महिने चालेल हे ठाऊक नसताना अशा गोळीवर झोप उभी करणं मला अजिबात पटत नाही. रात्रीच्या मद्याचंही तेच. झोप लागते, पण उत्तररात्री मोडते, म्हणजे नेमकी तीनलाच. मात्र तीन आठवडे नीट प्रयत्न करूनही झोप येत नसेल, श्वास कोंडण्याचे झटके यायला लागले, कामावर जाणंच बंद पडलं, किंवा जगणं नको असा विचार एकदा जरी आला, तर डॉक्टरकडे समक्ष जा. तेव्हा हे उत्तर बाजूला ठेवायचं.

तयारी करा, पण ती संपणारी असू द्या. स्वीडनने युद्धाच्या शक्यतेसाठी नागरिकांना घरपोच पुस्तिका पहिल्यांदा १९४३ मध्ये पाठवली, पुढेही काही वेळा पाठवली, अलीकडे २०१८ आणि २०२४ मध्ये. ती वाचून देश वेडापिसा झाला नाही. पाणी, औषधं, कागदांच्या प्रती, कागदावर लिहिलेले फोन नंबर, फोन बंद पडले तर कुठे भेटायचं. एका सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून यादी करा, पुरी करा, आणि पिशवी एकच ठेवा. सहा महिन्यांनी औषधांच्या तारखा बघायच्या. मधे पिशवी उघडायची नाही.

मुलीने विचारलं तर आधी तिला विचारा की तिने काय ऐकलंय. शाळेतून ती तुमच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त आणि बरंच चुकीचं घेऊन आलेली असेल. मग खरं तेवढं, तिला पेलेल तेवढं सांगा. युद्ध होणारच नाही असं वचन देऊ नका. ते तुमच्या हातात नाही आणि मोडलं तर ती पुढच्या कुठल्याच वचनावर विश्वास ठेवणार नाही. "आम्हालाही काळजी वाटते, आम्ही दोघांनी काय करायचं ते ठरवलंय, आणि तू आमच्याबरोबर असशील" हे तुम्ही खरेपणाने म्हणू शकता. अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये लहान मुलांची निवासी केंद्रं चालवली होती. त्यांना दिसलं की बॉम्बपेक्षा आईपासून तुटणं मुलांना जास्त मोडून टाकतं. म्हणून त्या वाक्याचा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. पण "आम्ही दोघांनी ठरवलंय" हे आधी खरं करावं लागेल, म्हणून मुलीच्या आधी पती.

राहिली पुस्तिका. ती या आठवड्यात पुन्हा उघडा. तो पूल पंचवीस वर्षं उभा राहील अशी खात्री त्या वाक्यात नाही. तुम्हीच नीट वाचून बघा. उभा असेल तर काय करावं, एवढंच त्यात लिहिलंय. आज शाळेत असलेलं कुणीतरी तेव्हा हातात टॉर्च घेऊन पुलाखाली जाईल, बेअरिंगसमोर उभं राहील आणि तुमचं पान उघडेल. त्याला लागेल ते सगळं लिहा. कुठल्या बाजूने शिडी लावायची, जॅक कुठे ठेवायचे, काय हलवायचं नाही. पतीशी बोलणं झालं की मला कळवा. पुस्तिकेचं नंतर कळवलंत तरी चालेल.